दुरुस्तीचा आकडा आधी, घराची किंमत नंतर



सांगलीत आमचं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाईकं तरी अशी येतात, की काउंटरवर मोबाईल ठेवतात आणि फोटो दाखवतात. ओल आलेली भिंत, फुटकं कमोड, गंजलेली खिडकी. आणि विचारतात, "शेठ, लिलावात घर घेतलंय. स्वस्तात पडलं. दुरुस्तीला किती येईल?"

मी पहिल्यांदा माल दाखवत नाही. आधी विचारतो, "घेतलंय की घेणार आहात?"

उत्तर जवळजवळ नेहमी "घेतलंय" असंच असतं. मग मला वाईट वाटतं. कारण घर घेतल्यावर विचारलेला तो प्रश्न अंदाजाचा राहत नाही, तो बिलाचा होतो. अंदाजाचा उपयोग किंमत ठरवायला असतो. किंमत ठरून पैसे भरून झाल्यावर अंदाज काढणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका बघणं.

जुनी, पडीक, बँकेच्या लिलावातली घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची किंवा भाड्याने द्यायची, हा धंदा आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय. व्हिडिओखाली यावर प्रश्न येतात तेवढे दुसऱ्या कशावर येत नाहीत. धंदा वाईट नाही. पण यात माणूस कुठे बुडतो ते मला स्वतःच्या खिशातून कळलंय. माझं मत स्पष्ट आहे: दुरुस्तीचा आकडा हाच या धंद्यातला असा एक आकडा आहे जिथे आपण स्वतःशी खोटं बोलतो. आणि ते खोटं थांबवायचा एकच उपाय आहे. तो आकडा किमतीच्या आधी काढायचा, आणि एकदा काढला की त्याला हात लावायचा नाही.

माझ्या पहिल्या घराचा हिशोब

आधी माझं पितळ उघडं करतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

२०२२ च्या फेब्रुवारीत मी आणि माझ्या मावसभावाने मिळून एका बँकेच्या लिलावात फ्लॅट घेतला. तिसरा मजला, इमारत २४ वर्षांची, कार्पेट ६२० चौरस फूट. बोली १९ लाखांना आमच्या नावावर बंद झाली. त्या भागात बऱ्या स्थितीतला तसाच फ्लॅट साडेअठ्ठावीस लाखांना जात होता. थोडे पैसे आमचे, १२ लाख कर्जाचे. काही पतसंस्थेकडून, काही मावशीच्या पाटल्यांवर सोनेतारण करून. व्याज सरासरी १२ टक्के, म्हणजे महिन्याला १२ हजार. पाटल्या देताना मावशी एवढंच म्हणाली, "दिवाळीला घालायच्या आहेत मला."

घर बघायला बँकेने दिलेल्या दिवशी गेलो. बँकेचा माणूस कुलूप उघडून दारात उभा. बाहेर अजून सहाजण ताटकळत. वीज तोडलेली, म्हणून मोबाईलच्या उजेडात वीस मिनिटं फिरलो. भिंती कोरड्या, फरशी बरी. मी भावाला म्हणालो, "रंगरंगोटी, दोन बाथरूम आणि थोडं किरकोळ. चारशे रुपये फुटाने धर." ६२० गुणिले ४००, म्हणजे २ लाख ४८ हजार. आम्ही अडीच लाख लिहिलं. चार महिन्यांत काम करून विकायचं असं ठरलं.

कागदावरचा फायदा असा: विक्री २८ लाख ५० हजार. त्यातून खरेदी १९ लाख, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी १ लाख ३३ हजार, दुरुस्ती अडीच लाख, चार महिन्यांचं व्याज ४८ हजार, दलाली २८ हजार ५००. उरतात ४ लाख ९० हजार ५००. जवळजवळ पाच लाख! मी बीबीए केलंय, कॉस्टिंगला चांगले मार्क होते. हिशोबात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नव्हती.

आता प्रत्यक्षात झालेला दुरुस्तीचा खर्च बघा:

- दोन बाथरूम, पाईपलाईन, वॉटरप्रूफिंग: १,३८,०००
- वायरिंग आणि बोर्ड: ७२,०००
- रंग, पुट्टी: ६२,०००
- स्लॅबच्या गंजलेल्या सळ्यांचं काम: ५८,०००
- दारं-खिडक्या: ४९,०००
- गिलावा: ४६,०००
- स्वयंपाकघराचा ओटा: ४१,०००
- राडारोडा उतरवणं, वाहतूक, साफसफाई: २१,०००
- किरकोळ: २५,०००

एकूण ५ लाख १२ हजार. अंदाजाच्या दुप्पट. आणि मी कोण, तर हाच माल विकणारा माणूस!

वेळ चार महिन्यांऐवजी तेरा महिने लागला, म्हणून व्याज १ लाख ५६ हजार. आधीच्या मालकाने थकवलेले सोसायटीचे ६४ हजार आमच्या गळ्यात. तेरा महिन्यांचा मेंटेनन्स साडेएकोणीस हजार. विक्री मात्र ठरल्याप्रमाणे साडेअठ्ठावीस लाखांनाच झाली. सगळं वजा जाता हातात राहिले ३७ हजार. दोघांत वाटले तर साडेअठरा हजार रुपये माणशी. तेरा महिन्यांचे.

मावशीच्या पाटल्या दिवाळीला सुटल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये सुटल्या. ती काही बोलली नाही, पण त्या दिवाळीला मी तिच्याकडे फराळाला गेलो तेव्हा तिच्या हाताकडे बघणं टाळलं.

खोटं नेमकं कुठे शिरतं?

या धंद्यातल्या हिशोबात मुख्य आकडे पाच. विक्रीची किंमत बाजार ठरवतो. स्टॅम्प ड्युटी सरकार ठरवतं. व्याजाचा दर पतसंस्था ठरवते. खरेदीची किंमत लिलावात समोरचा वाढवत नेतो. राहिला पाचवा, दुरुस्तीचा. तो फक्त आपण ठरवतो.

म्हणून होतं काय, की बोली वाढायला लागली आणि फायदा कमी दिसायला लागला, की आपला हात आपोआप त्या पाचव्या आकड्याकडे जातो. "वायरिंग तशी बरी दिसतेय, राहू दे." "खिडक्या घासून रंगवू." "एक बाथरूम तसंच ठेवू." असं करत करत हवा तेवढा फायदा परत दिसायला लागतो. घर तेच असतं, भिंतीही त्याच. बदललेला असतो फक्त आपला कागद.

आमच्या लिलावात बोली सतरावरून एकोणीस लाखांवर गेली तेव्हा मी नेमकं हेच केलं. आधी दुरुस्तीला साडेतीन लाख धरले होते. बोलीच्या गडबडीत त्याचे अडीच केले. कारण? कारण साडेतीन धरले तर फायदा चार लाखांच्या खाली जात होता, आणि भावाला मी "चार-पाच लाख सुटतील" असं सांगून बसलो होतो.

काहीजण परदेशी व्हिडिओ बघून "सत्तर टक्क्यांचा नियम" सांगतात. अमेरिकेत घरं दुरुस्त करून विकणारे लोक तो वापरतात: दुरुस्तीनंतरच्या विक्री किमतीचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, जे उरेल त्याच्या वर घर घ्यायचं नाही. तिथला बाजार वेगळा, आपला वेगळा, म्हणून नियम जसाच्या तसा उचलू नका. पण माझ्या घराला लावून बघू. साडेअठ्ठावीस लाखांचे ७० टक्के म्हणजे १९ लाख ९५ हजार. खरी दुरुस्ती ५ लाख १२ हजार वजा केली तर १४ लाख ८३ हजार. आम्ही दिले १९ लाख. म्हणजे नियम ओरडून सांगत होता की थांब. पण त्यात अडीच लाखांची खोटी दुरुस्ती घातली असती, तर त्याच नियमाने मला साडेसतरापर्यंत जायला सांगितलं असतं. नियम कुठलाही वापरा, आत आकडा खोटा घातला तर उत्तर खोटंच येणार.

चौरस फुटाचा भाव का फसवतो?

"दुरुस्तीला फुटाला किती धरायचे?" हा प्रश्न मला रोज येतो. माझं उत्तर: धरूच नका. नवं बांधकाम चौरस फुटावर मोजता येतं, कारण तिथे सगळंच नवीन असतं. दुरुस्तीत काय मोडलंय ते प्रत्येक घरात वेगळं. आणि खर्च जिथे असतो तिथे चौरस फूट नसतात.

उदाहरण घ्या. ४ बाय ७ चं बाथरूम. जमीन फक्त २८ चौरस फूट. पण भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल लावायची तर चारी भिंतींची लांबी २२ फूट, गुणिले ७, म्हणजे १५४. दाराचे साधारण १८ वजा केले की १३६. त्यात जमीन २८ मिळवा, १६४. कटिंग आणि तुटफुटीचे दहा टक्के धरले की १८० चौरस फूट टाइल. कागदावर २८ फुटांची खोली, दुकानात १८० फुटांचं बिल. आणि टाइल हा त्यातला स्वस्त भाग. जुनी टाइल फोडणं, राडारोडा तीन मजले उतरवणं, पाईप बदलणं, वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅप, नळ, कमोड आणि या सगळ्यांची मजुरी वेगळी. माझ्या घरात दोन बाथरूमनी मिळून ६० फूट जागासुद्धा व्यापली नव्हती, आणि एकूण खर्चाचा चौथा हिस्सा तिथेच गेला.

रंगाचंही तसंच. ६२० फुटांचं घर म्हणजे ६२० फूट रंग नाही. भिंती आणि छत मिळून रंगाचं क्षेत्रफळ कार्पेटच्या साधारण साडेतीन पट जातं, म्हणजे २,१०० फुटांच्या पुढे. पेंटर तुम्हाला फुटाचा भाव सांगतो तो या फुटांचा. तुम्ही गुणाकार करता तो कार्पेटचा.

म्हणून फुटाचा भाव सोडा आणि कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: किती, काय भावाने, आणि तो भाव कोणी कोणत्या तारखेला सांगितला. तारीख महत्त्वाची. तांब्याचा भाव हलला की वायरचं बंडल महाग होतं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. वर्षापूर्वीच्या कोटेशनवर आजची बोली लावायची नाही. आणि माल वेगळा, मजुरी वेगळी लिहा. मिस्त्री "पाच हजारात करतो" म्हणाला तर त्यात सिमेंट-वाळू कोणाची, हे तिथल्या तिथे विचारा.

घर बघायचा क्रम: पाणी, लोखंड, वीज, मग शोभा

नवीन माणूस घरात शिरला की रंग आणि फरशी बघतो. ते सगळ्यात शेवटी बघायचं असतं.

*पाणी.* आमच्या घरात वीस मिनिटांत एक थेंब ओल दिसली नाही, कारण नळाचं कनेक्शन दोन वर्षं बंद होतं. बंद घर गळत नाही. गळतं ते पाणी सुरू झाल्यावर. आम्ही पाणी सोडलं आणि आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मला खाली नेऊन त्यांनी छत दाखवलं. पिवळा डाग, बादलीएवढा, सहा वर्षांपूर्वीचा. म्हणाले, "बोली लावायच्या आधी एक जिना उतरून आला असतात, तर तेव्हाच दाखवलं असतं की!"

त्या एका वाक्याची किंमत मला लाखभर रुपये पडली. तुम्हाला फुकट देतोय: घर बघायला गेलात की खालच्या घराची बेल वाजवा. तुमच्या बाथरूमची खरी अवस्था तुमच्या जमिनीवर दिसत नाही, खालच्याच्या छतावर दिसते. वर गच्ची असेल तर गच्चीवर जा. वर घर असेल तर त्यांचं बाथरूम तुमच्या कुठल्या खोलीवर येतं ते बघा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती आणि बाहेरच्या पाईपचं काम सोसायटीकडे असतं. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती मात्र ज्याच्या घरातून होते त्याच्या खिशातून. जमलं तर घर श्रावणात बघा. फेब्रुवारीत सगळीच घरं शहाणी दिसतात.

*लोखंड.* २०-२५ वर्षांपुढच्या इमारतीत छताकडे बघत चाला. एका रेषेत गेलेली बारीक चीर दिसली की वर सळी आहे आणि ती गंजतेय असं समजा. गंजलं की लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलतं. बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या छताला लहान हातोडीने हळू ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तेवढा भाग काढावा लागणार. नुसता गिलावा मारून झाकलं तर दोन पावसाळ्यांत परत पडतो. सैल काँक्रीट काढायचं, सळी घासायची, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमरचा माल भरायचा. हे काम साध्या गवंड्याचं नाही, म्हणून महाग.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीला दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. "केलंच नाही" हेही एक उत्तर आहे, ते यादीत लिहा. इमारत सी-१ म्हणजे धोकादायक आणि पाडायच्या वर्गात असेल, तर दुरुस्तीचा हिशोब करूच नका. घरी या.

*वीज.* मेन बोर्ड उघडून बघा. जुना फ्यूज आहे की एमसीबी? अर्थिंग आहे का? गीझर आणि एसीला वेगळी जाड वायर आहे का? जुन्या घरात दोन दिवे आणि एका पंख्याच्या हिशोबाने वायरिंग असतं. नवीन गिऱ्हाईक एसी, गीझर, इंडक्शन सगळं लावणार. वायरिंग बदलायचं तर भिंतीला झिऱ्या पडणार, झिऱ्या पडल्या की गिलावा, गिलावा झाला की पुट्टी आणि रंग. एका कामाच्या शेपटीला तीन कामं असतात. अंदाज चुकतो तो या शेपटीत.

*पुराची रेघ.* हे आमच्या सांगलीकरांसाठी आणि नदीकाठच्या सगळ्यांसाठी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. त्या पाण्यात उभी राहिलेली घरं आज रंग मारून, स्वस्तात विकायला आहेत. रंगाखालची रेघ बघायची असेल तर कपाटाच्या आत, जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे बघा; तिथे कोणी रंग मारत नाही. पुरातल्या भिंतींना लोणा लागतो, पुट्टीचे पोपडे निघतात, फ्लश दारं फुगतात, वायरच्या पाईपात गाळ बसतो. अशा घरात रेघेच्या खालचा गिलावा आणि वायरिंग सगळं नवीन धरा. आणि पूर परत येईल हे विक्रीच्या किमतीतही धरा.

काळ्या मातीत बांधलेलं बैठं घर असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी चीर बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. चीर बुजवून बंद होत नाही. दुखणं पायात असतं, भिंतीत नाही. तिथे इंजिनिअरची फी द्या आणि मगच बोला.

आत जाताच आलं नाही तर?

बँकेच्या लिलावात हे फार होतं. सरफेसी कायदा २००२ चा. त्याखालची विक्री "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर होते. नंतर सळी गंजलेली निघाली म्हणून बँकेकडे जाता येत नाही. शिवाय नियम असा, की बोली तुमच्या नावावर बंद झाली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची, आधी भरलेली अनामत धरून. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत; मुदतवाढ मिळाली तर लेखी मिळवायची. पैसे भरले नाहीत तर भरलेले जप्त. म्हणजे बोली जिंकल्यावर शांतपणे मिस्त्री नेऊन अंदाज काढू, ही सोयच नाही. जे काढायचं ते जाहिरात आणि लिलाव यांच्या मधल्या दिवसांत.

ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. कागदोपत्री ताबा म्हणजे आत अजून कुटुंब राहतंय. ते घर रिकामं कधी होईल हे तुमच्या हातात नाही, आणि तोवर व्याज चालू. पहिलं घर म्हणून असलं घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

आत जाता आलं नाही तर त्याच इमारतीतलं, त्याच बाजूचं, वरचं किंवा खालचं घर बघून या. आणि जे दिसलं नाही ते सगळं खराब आहे असं धरून हिशोब करा. नीट बघितलेल्या घरात मी अंदाजावर १० टक्के जास्त धरतो. बंद घरात २५ ते ३०. हा माझा अनुभवाचा आकडा, तुमच्या गावाप्रमाणे बदला. पण शून्य धरू नका.

आणि दिवस मोजा. आमचं व्याज महिन्याला १२ हजार, म्हणजे रोजचे ४०० रुपये. पावसाळ्यात गिलावा वाळेना, त्याचे ४०० रोज. मिस्त्री दिवाळीला गावी गेला, त्याचे ४०० रोज. सोसायटीच्या एनओसीला दोन महिने लागले, त्याचेही. प्रत्येक कामापुढे दिवस लिहा आणि त्याची किंमत दुरुस्तीतच मिळवा.

"एवढा हिशोब करेपर्यंत दुसराच घेऊन जाईल की!"

जाऊ दे. खरंच जाऊ दे. पहिल्या घरानंतर मी असे ११ हिशोब केले आणि २ घरं घेतली. नऊ वेळा माझ्या आकड्यापेक्षा कोणीतरी वर गेलं. त्यातले दोघं नंतर माझ्याच दुकानात आले, मोबाईलवर फोटो घेऊन. मला आनंद झाला नाही, पण त्यांच्या जागी मी नव्हतो हे बरं वाटलं. शेवटच्या घरात माझा अंदाज ४ लाख ३० हजार होता, झाले ४ लाख ५५ हजार. फरक सहा टक्क्यांच्या आत. मी काही हुशार झालो नव्हतो. फक्त खालची बेल वाजवली होती.

दुसरा मुद्दा येतो, "मी मिस्त्री सोबत नेतो, तो सांगतो." अवश्य न्या. पण त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आलेला मिस्त्री काम मिळावं म्हणून कमी सांगतो, आणि भिंत फोडल्यावर म्हणतो, "मालक, हे आत असं निघालं." पैसे देऊन नेलेला माणूस खरं सांगायला मोकळा असतो. दुकानदाराचं पण असंच, म्हणजे माझं. मी जास्त अंदाज सांगितला तर माल जास्त जातो. तेव्हा माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, दोन ठिकाणी विचारा. इतकं सांगतो, की मला तुमचा एक बाथरूमचा माल जास्त विकण्यापेक्षा तुम्ही दुसरं घर घ्यायला शिल्लक राहिलात तर परवडतं.

तर पद्धत एवढीच. घर बघा, यादी करा, बेरीज करा, न दिसलेल्याचे टक्के आणि दिवसांचं व्याज मिळवा. विक्रीच्या किमतीतून ते सगळं, सरकारी खर्च, थकबाकी आणि तुम्हाला हवा तो फायदा वजा करा. जे उरेल ती तुमची शेवटची बोली. ती कागदावर लिहा आणि लिलावाच्या दिवशी तो कागद अशा माणसाकडे द्या ज्याचे पैसे त्यात आहेत. आता मी तो मावशीकडे देतो. तिला लिलावातलं काही कळत नाही. पण आकड्यापलीकडे गेलो की ती "बास" म्हणते, आणि मी थांबतो.

या रविवारचा गृहपाठ: टेप घ्या आणि स्वतःच्या घरातलं बाथरूम मोजा. टाइल किती लागेल, पाईप किती, नळ किती, मजुरी किती, राडारोडा कुठे जाईल, सगळं लिहा. मग दोन दुकानांत आणि एका मिस्त्रीकडे भाव विचारा. तुमचा आधीचा अंदाज आणि आलेला आकडा शेजारी शेजारी ठेवा. स्वतःच्या, रोज वापरातल्या बाथरूमचा अंदाज जर निम्म्याने चुकत असेल, तर अंधारात वीस मिनिटं बघितलेल्या घराचा किती चुकेल ते तुम्हीच ठरवा.

आणि पुढच्या वेळी दुकानात याल तेव्हा "घेतलंय" नाही, "घेणार आहे" म्हणत या. चहा माझ्याकडून.